शब्दचर्चा: रंध्रांतला हायड्रोजन 'कोंडलेला' म्हणावा का?

प्रश्न: भाषांतरात एक वाक्य अडले आहे: 'सच्छिद्र कार्बनने ७७ केल्विनला शोषलेला आणि रंध्रांत कोंडलेला द्रव हायड्रोजन'. 'कोंडलेला'ऐवजी 'बंदिस्त' बरे का?

प्रतिसाद: त्याआधी 'द्रव' खोडा. हायड्रोजनचे क्रांतिक तापमान सुमारे ३३ केल्विन. त्याच्या वर कितीही दाबा, द्रव होत नाही. ७७ केल्विनला द्रव असतो तो नायट्रोजन, ज्यात नमुन्याची नळी थंड ठेवायला बुडवतात! भिंतीलगत हायड्रोजनचे रेणू बरेच दाटतात हे खरे, म्हणून 'दाटलेला' चालेल.

'शोषलेला'ही ढिला आहे. पॅलेडियममध्ये रेणू फुटून अणू धातूच्या जाळीत शिरतात, ते शोषण. कार्बनवर रेणू अखंड राहून पृष्ठाला चिकटतो, ते अधिशोषण. (समाजशास्त्राच्या वाचकाला 'हायड्रोजनचे शोषण' वाचून भलतेच वाटायचे, तेही टळते.)

प्रतिसाद: 'पृष्ठशोषण'ही वापरात आहे, पण इथे ते बसत नाही. सूक्ष्मरंध्र म्हणजे २ नॅनोमीटरपेक्षा अरुंद, आणि हायड्रोजनचा रेणू ०.२९ नॅनोमीटरचा. एवढ्याशा जागेत समोरासमोरच्या भिंतींची ओढ एकमेकींत मिसळते, वेगळे 'पृष्ठ' उरतच नाही.

आता मूळ शब्द. 'कोंडलेला' आणि 'बंदिस्त' दोन्हींत दाराला कडी आहे. इथे कडी नाही. कार्बनवर अधिशोषणाची उष्णता मोलला साधारण ४ ते ६ किलोजूल. दाब उतरवला किंवा नमुना तापवला की वायू निघून जातो. मी 'रंध्रस्थ' लिहीन: कुठे आहे ते सांगतो, सुटकेबद्दल काही बोलत नाही.

प्रश्न: 'रंध्रस्थ' घेतला. पुढे आलेखाखाली 'अतिरिक्त अधिशोषण' लिहिले आहे, आणि ते जास्त दाबाला कमी होते. वायू बाहेर पडतो का?

प्रतिसाद: नाही, हा घोळ शब्दाचाच. 'अतिरिक्त' वाचले की 'वर आणखी मिळालेले' असे वाटते. 'आधिक्य' लिहा: भिंतींची ओढ नसती तर तेवढ्याच जागेत जितका वायू मावला असता, त्याहून जास्त असलेला भाग. दाब वाढवत नेला की रंध्रे भरत येतात, पण बाहेरच्या वायूची घनता वाढतच राहते. म्हणून आधिक्य शिखर गाठून उतरते, एकूण साठा मात्र वाढत असतो. हिशेब असा: ७७ केल्विन आणि ४० बारला साध्या वायूची घनता लिटरला सुमारे १३ ग्रॅम. समजा रंध्रांचे आयतन ग्रॅममागे १ मिलिलिटर आणि आधिक्य ५० मिलिग्रॅम, तर एकूण ६३. तक्त्यात कोणता आकडा आहे ते न सांगता दोन पदार्थांची तुलना करणे ही नेहमीची चूक.

प्रतिसाद: याला जोडून 'मृत आयतन'. नळीतली नमुन्याने न व्यापलेली जागा हीलियमने मोजतात. ती चुकली की चूक थेट आधिक्यात उतरते, आणि दाब जितका जास्त तितकी मोठी. आधी नमुना निर्वातात तापवून 'वायुमुक्त' करा. 'वाळवणे' लिहू नका, कारण फक्त पाणी काढायचे नसते. मात्र तापमान पदार्थाला सोसेल इतकेच, नाहीतर धातू-सेंद्रिय जाळी (धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून बनवलेला सच्छिद्र पदार्थ) कोसळते. शिवाय मोजणी चालू असताना नायट्रोजनची पातळी खाली गेली तर नळीचा वरचा भाग तापतो, आतला दाब वाढतो आणि अधिशोषण आहे त्यापेक्षा कमी दिसते.

प्रश्न: शेवटचे. १४ केल्विन या नेहमीच्या गोठणबिंदूखालीही रंध्रांत हायड्रोजन गोठत नाही, तिथे 'अतिशीतन' चालेल?

प्रतिसाद: सरसकट नको. अतिशीत द्रव अर्धस्थिर अवस्थेत असतो: तसाच टिकून राहतो, पण घनाचा एखादा कण मिळाला की गोठतो. काही नॅनोमीटरच्या रंध्रात गोठणबिंदूच खाली सरकतो: एवढ्याशा स्फटिकाला पृष्ठऊर्जेचा भार झेपत नाही, म्हणून तिथे द्रव हीच स्थिर अवस्था असते. त्याला 'गोठणबिंदू-अवनमन' म्हणा. थंड करताना आणि तापवताना गोठण्याचे आणि वितळण्याचे तापमान वेगळे आले, तर त्या फरकातला काही भाग अतिशीतनाचा असू शकतो.

प्रतिसाद: जाता जाता: हायड्रोजनच्या रेणूची ऑर्थो आणि पॅरा अशी दोन रूपे असतात (दोन अणुकेंद्रांची फिरकी एकाच दिशेने की उलट, यावरून). ऑर्थोचे पॅरा होणे हे 'अवस्थांतर' नव्हे, 'रूपांतर'. नेहमीच्या हायड्रोजनमध्ये ते पूर्ण होताना किलोला सुमारे ५२७ किलोजूल सुटतात, बाष्पीभवनाच्या ४४६ पेक्षा जास्त. उष्णतामापनात ही उष्णता अधिशोषणाच्या खात्यात जमा झालेली दिसू शकते.