मदत हवी आहे: पाळी जायच्या वयातला घाम आणि उडालेली झोप

वय ४९, राहायला नाशिकच्या इंदिरानगरात, नोकरी सातपूर एमआयडीसीत. पाळी ८ महिन्यांपासून अनियमित. रात्री तीनला मानेपासून घामाची लाट येते, उशीचा अभ्रा भिजतो, मग झोप गेली ती गेली. सकाळी डब्याच्या गडबडीत बारावीतल्या मुलावर उगाच खेकसते. थायरॉईड, शुगर, सोनोग्राफी नॉर्मल, हिमोग्लोबिन ९.८, लोहाच्या गोळ्या चालू. संध्याकाळचा चहा सोडला, शतावरी दोन महिने घेतली, फरक शून्य. डॉक्टर म्हणाल्या, "वयाचं आहे." (ते मलाही माहीत होतं!) सख्ख्या बहिणीला स्तनाचा कर्करोग झालाय, त्यामुळे हार्मोनच्या गोळ्यांची धास्ती वाटते. अशा परिस्थितीत कोणी हार्मोनविरहित औषध घेतलंय का? आणि गंगापूर रोड-कॉलेज रोडकडे संध्याकाळी सहानंतर भेटणाऱ्या, नीट ऐकून घेणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ कोण आहेत?