एजन्सीच्या ईमेलने भाडं वाढतं का?

दुसरा_मजला
आम्ही इंग्लंडमध्ये सव्वादोन वर्षं एकाच फ्लॅटमध्ये भाड्याने राहतोय. भाडं महिना ११५० पाउंड, आजवर एकदाही उशीर नाही. मे महिन्याच्या शेवटी एजन्सीचा ईमेल आला: १ जुलैपासून भाडं १३२५, सोबतच्या नव्या करारावर सही करा आणि कागदपत्रांचे ९० पाउंड भरा. मी सही केली नाही. जुलै आणि ऑगस्टला जुनंच भाडं भरलं. आता एक दिवसाआड मेसेज येतो, तुमची ३५० पाउंड थकबाकी आहे म्हणून.

वर त्या भिंतीचं दुखणं. बेडरूमच्या भिंतीला फेब्रुवारीपासून ओल आहे. कपाट पुढे ओढलं तर मागे छतापासून खाली काळे ठिपकेच ठिपके, आणि आत टांगलेल्या मुलाच्या कोटाची पाठ हिरवट झालेली. पाच ईमेल केले. उत्तरादाखल एक पत्रक आलं: खिडक्या उघडा, घरात कपडे वाळत घालू नका, स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा.

नवरा म्हणतो भरून टाक, पुढच्या घराला यांचाच रेफरन्स लागणार. माझं म्हणणं, वाढ तर नाहीच, पण भिंत नीट होईपर्यंत जुनं भाडंही थांबवावं. कोणाचं बरोबर?

फटकळ
तुमचं. पैसे थांबले की यांचे फोन कसे खणखणतात बघा. आणि ओलीसाठी आता अवाबचा कायदा आहे. रॉचडेलमधला दोन वर्षांचा अवाब इशाक २०२० मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला, त्यावरून आलेला. ठरलेल्या मुदतीत दुरुस्ती करावीच लागते. तोंडावर फेका.

कागदपत्री
फटकळ, तो कायदा २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला तो सामाजिक घरांना, म्हणजे कौन्सिल (इथली नगरपालिका) आणि हाउसिंग असोसिएशनच्या. खाजगी भाडेकरूंपर्यंत तो न्यायची तरतूद २०२५ च्या नव्या रेंटर्स राइट्स कायद्यात आहे, पण तो टप्पा पुढचा. आज तोंडावर फेकलात तर एजन्सी हसेल.

ताई, तुम्ही दोन भांडणं एकात कालवताय. सुटी करा.

भाडेवाढ: १ मे २०२६ पासून भाडं वाढवायचा एकच रस्ता आहे, १९८८ च्या हाउसिंग कायद्यातल्या कलम १३ ची नोटीस. ठरावीक सरकारी फॉर्मवर, किमान दोन महिने आधी, वर्षातून एकदाच. ‘सोबतच्या करारावर सही करा’ ही नोटीस नव्हे. म्हणजे तुमचं भाडं अजून ११५०च आहे आणि ३५० ची थकबाकी फक्त एजन्सीच्या एक्सेलमध्ये आहे. कागदपत्रांचे ९० पाउंड तर २०१९ च्या टेनंट फीज कायद्याने सरळ बंद आहेत. करार त्यांना हवा म्हणून बदलायचा आणि शुल्क तुम्ही द्यायचं, असं चालत नाही.

भिंत: घराचा सांगाडा आणि बाहेरची बाजू मालकाने दुरुस्त ठेवायची, हे १९८५ च्या कायद्याचं कलम ११. पण त्यासाठी भाडं थांबवू नका, हात जोडून सांगतो. दुरुस्ती होत नाही म्हणून भाडं न देण्याचा सरसकट हक्क इथे नाही. तीन महिन्यांचं भाडं थकलं की त्याच हाउसिंग कायद्याच्या कलम ८ खाली घर सोडायला लावणारा असा आधार तयार होतो, जो सिद्ध झाला की न्यायाधीशाला नाही म्हणता येत नाही. आज तुम्ही स्वच्छ आहात. तसंच राहा.

घरमालकही_माणूस
कोणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी. माझा एक फ्लॅट एजन्सीमार्फत भाड्याने आहे. दर महिन्याच्या भाड्यातून १२ टक्के आणि वर व्हॅट ते कापून घेतात. मॉर्गेजची जुनी स्वस्त मुदत संपली, हप्ता चढला, सव्वादोन वर्षांत विमाही वाढला. ताईंच्या मालकाचंही तसंच असेल. सव्वादोन वर्षांनी एकदा वाढ मागितली तर लगेच कलमं काढायची? फॉर्म चुकला म्हणून जुन्याच भाड्यात राहणं कायद्याने बरोबर असेल. मला ते पटत नाही.

फटकळ
१७५ पाउंड म्हणजे पंधरा टक्क्यांच्या वर. माझा पगार पंधरा टक्के वाढला तेव्हा मी स्वप्नात होतो.

घरमालकही_माणूस
आसपासच्या घरांची भाडी बघा मग बोला. भाड्याचे वाद ऐकणारं ट्रायब्युनलही तेच बघतं, तुमचा पगार नाही.

कागदपत्री
हे मात्र खरं. नोटीस रीतसर आली आणि वाढ जास्त वाटली, तर ती लागू व्हायच्या तारखेआधी ट्रायब्युनलकडे अर्ज करायचा. ते बाजारभाव बघतात. पूर्वी धास्ती असायची, की ते मालकाने मागितल्यापेक्षाही जास्त ठरवतील. आता मागितलेल्या आकड्याच्या वर जाता येत नाही, आणि वाढ निकालाआधीच्या तारखेपासून लागत नाही. म्हणून मालकांनाही सांगतो, एजन्सीला पहिल्याच दिवशी योग्य फॉर्म भरायला लावा. नुकसान तुमचंच होतं.

सावध_पाऊल
नवऱ्याला इतकं उडवून लावू नका. आम्ही असंच तत्त्वासाठी भांडलो. जिंकलो. नंतर नवीन घर शोधताना रेफरन्सच्या जागी ‘भाडेकरूशी मतभेद होते’ एवढी एकच ओळ. सहा घरं गेली. कायद्याच्या पुस्तकात ही ओळ कुठे बसते, सांगा.

कागदपत्री
बसत नाही, मान्य. म्हणून तर महिन्याच्या महिन्याला भाडं भरल्याचं बँक स्टेटमेंट जपायचं. रेफरन्स कुठलाही येवो, तो कागद बोलतो.

वरच्या_गल्लीतला
ताई, एक साधा प्रश्न. पाऊस पडला की ओल वाढते का? कपड्यांच्या वाफेची बुरशी बहुधा खिडकीभोवती आणि कोपऱ्यांत दिसते. छतापासून खाली उतरणारी ओल असेल तर आधी बाहेर जाऊन छपराची पन्हळ बघा. मी इमारतींचीच कामं करतो. दहातल्या निम्म्या ‘भांड्यावर झाकण ठेवा’ तक्रारींचं मूळ मला पन्हळीत सापडलंय.

आणि एजन्सीशी काय बोलता? ती मालक नाही. भाडं घेणाऱ्याकडे मालकाचं नाव-पत्ता लेखी मागा. २१ दिवसांत द्यावाच लागतो, विनाकारण न देणं हा गुन्हा आहे. थेट पत्र टाका.

घरमालकही_माणूस
याला माझा पूर्ण पाठिंबा. माझ्या भाडेकरूचा गीझर तीन आठवडे बंद होता, हे मला एजन्सीने नाही, त्याने पोस्टाने पाठवलेल्या कार्डाने कळलं. त्यावर त्याने हसरा चेहरा काढला होता, त्याची मला जास्त लाज वाटली.

दुसरा_मजला
बाहेर जाऊन बघितलं. पन्हळीत गवत उगवलंय. चांगलं वीतभर. पाणी काठावरून सांडून सरळ आमच्या भिंतीवर. इतके महिने मी भांड्यांवर झाकणं ठेवतेय.

पत्त्यासाठी ईमेल केलाय. एजन्सीतल्या मुलीने फोन करून विचारलं, “पत्ता कशाला हवाय तुम्हाला?” पहिल्यांदाच तिचा फोन आला.

फटकळ
गवताचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून. पत्ता आला नाही तर कौन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थला, म्हणजे घरं तपासणाऱ्या खात्याला, बोलवा.

कागदपत्री
तसंही बोलवा. आणि एजन्सीकडे तिच्या तक्रार पद्धतीने लेखी तक्रार करून ठेवा. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही तर त्यांच्या तक्रार निवारण योजनेकडे जाता येतं. प्रत्येक एजन्सीला अशा एका योजनेचं सभासद असणं सक्तीचं आहे.

दुसरा_मजला
तीन आठवड्यांनी येतेय. मालक सत्तरीचे गृहस्थ निघाले. त्यांना भिंतीचा एकही ईमेल पोचलेला नव्हता. शनिवारी शिडीवाला माणूस येऊन पन्हळ साफ करून गेला, भिंत वाळली की रंग देणार आहेत. पण पत्राच्या शेवटी लिहिलंय, हप्ता वाढलाय, १२२५ तरी द्या. आसपास १२५० च्या खाली काही नाही, तेही मी बघितलं. काय करू?

फटकळ
नोटीस येऊ द्या. दोन महिने तरी वाचतील.

घरमालकही_माणूस
गृहस्थाने शनिवारी शिडी लावली हो! १२२५ द्या.

कागदपत्री
द्यायचं ठरवलंत तरी त्यांना सांगा, १२२५ च्या आकड्याची कलम १३ ची नोटीस पाठवा. नुसतं पत्रापत्रीने ठरवून आता भाडं वाढत नाही.

दुसरा_मजला
नवऱ्याने तोच फॉर्म शोधून त्यांना पोस्टाने पाठवलाय. रेफरन्सही थेट त्यांच्याकडेच मागून ठेवलाय.