प्रतिसाद : डिझाइन महोत्सव भरवा, पण महालातून सुरुवात करा

नागपुरात दरवर्षी स्थानिक डिझाइनचा महोत्सव व्हावा, ही सूचना वाचली, पटली. पण "आपल्याकडे दाखवण्यासारखं आहे काय?" हा त्याखाली कुणीतरी विचारलेला प्रश्न वाचून हसू आलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल या नागपूरच्या जुन्या वस्तीत या ना भाऊ! तिथे मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्याची, मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. बांबूच्या कामट्या, कागद, कापड, रंग, बस. आणि तो एवढा मोठा पुतळा अरुंद गल्ल्यांतून, तारांखालून, गर्दीतून न्यायचा. सांगाडा वजनाला हलका, पण धक्के खाऊन टिकणारा हवा. शेवटी सगळं जाळूनच टाकायचं, म्हणजे पुढल्या वर्षी पुन्हा कोरी सुरुवात. सोबतचे बडगे, म्हणजे चालू विषयांवर टीका करणारे पुतळे, तर दरवर्षी नवे. महागाई असो की भ्रष्टाचार, लांबून बघणाऱ्याला क्षणात कळलं पाहिजे. पोस्टर करणाऱ्यांनी हे शिकून घ्यावं. त्याच दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचे लाकडी बैल ओढत असतात, तेही बघा.

विदर्भातल्या करवतकाठी साडीचंही तसंच. अंग टसर रेशमाचं, काठ सुती, आणि जिथे दोन्ही जुळतात तिथे करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. त्यासाठी मागावर आडवा धागा नेणारे तीन धोटे चालवावे लागतात, म्हणून काम संथ.

ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात खरेदी होते, छान वाटतं. पण तिथे वस्तू दिसते, ती घडताना फारशी दिसत नाही. म्हणून महोत्सव केलाच तर दालनात नको, चितार ओळीत, म्हणजे महालातल्या मूर्तिकारांच्या गल्लीत करा. पार्किंगचे वांधे होतील, ते मात्र खरं.