खेकड्याला बर्फ लागत नाही, मग मधला माणूस कशाला लागतो?

सातरस्ता सकाळ (धागाकर्ता)

गेल्या रविवारी सोलापुरात 320 रुपये किलोने खेकडे घेतले. किलोत अकरा नग बसले. घरी येऊन पिशवी परातीत ओतली तर दोन मेलेले. मेलेला खेकडा मांजरापुढेही टाकू नये, म्हणून ते गेले. म्हणजे खरा भाव चारशेला टेकला.

त्याच्या आदल्या आठवड्यात करमाळा तालुक्यात केत्तूरच्या बाजूला गेलो होतो. उजनीच्या काठावर एक भोई पहाटे पिंजरे उपसून आला होता. भाव विचारला. "एकशेचाळीस. बारीकाला सत्तर." भिगवणच्या मासळीबाजारात जाऊन घालता का, म्हटलं. "जायला कशाला लागतंय, गाडी हितंच येती."

माशाचं मी समजू शकतो. कटला, रोहू, चिलापी पाण्याबाहेर आली की तासाभरात खेळ खलास. बर्फ आला, क्रेट आले, टेम्पो आला, म्हणजे भांडवलवालाही आला. खेकड्याचं तसं नाही. कल्ले ओले राहिले की तो पाण्याबाहेरही दिवस काढतो. ओलं पोतं आणि सावली, बास. पारेवाडीला पॅसेंजरमध्ये पोतं चढवलं तर ते दुपारपर्यंत सोलापूर स्टेशनात. तरी धरण आपल्या माढ्यात, पाणी आपल्या करमाळ्याला लागलेलं, आणि खेकडा मात्र पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला प्रदक्षिणा घालून आपल्या ताटात येतो.

धरणारा 140 वर, खाणारा 320 वर. मधले 180 कुणाच्या खिशात? माझं मत स्पष्ट आहे: धरणाऱ्यांनी थेट शहरात विकावं. बोला.

काट्यावरचा

मीच तो मधला, काट्यावर बसतो. 180 माझ्या खिशात येत असते तर मी इथं टाइप करत बसलो नसतो.

दहा किलो घेतो तेव्हा पोतं पाण्यानं निथळत असतं. पैसे देतो ओल्या वजनाचे. सोलापुरात काट्यावर चढतं तेव्हा ते साडेनऊही भरत नाही. त्यात पाच-सहा मेलेले. जिवंत असतात तेही एकमेकांच्या नांग्या तोडतात, आणि नांगी नसलेला खेकडा गिऱ्हाईक बोटानं बाजूला सारतं. मी माल देतो 210-220 ने. तुमच्या 180 मधले शंभर त्या मावशीचे आहेत, ज्या दिवसभर उन्हात पाटी मांडून बसतात आणि दर अर्ध्या तासाला पाणी शिंपडतात. त्यांनाही मधला माणूस म्हणायचं का?

आणि श्रावणाचं काय? तुम्ही महिनाभर माळ घालून बसता. भोई त्या महिन्यात काय खातो? माझ्याकडून उचल नेतो.

बे दुणे चार

उचल दिली म्हणजे उपकार केले का बे? ऊसतोडीचा मुकादम तेच करतो. आधी पैसे घ्या, मग मी म्हणेन तो भाव. उचल घेतलेल्या माणसाला 140 "मिळत" नाहीत, 140 लावले जातात. भाजीपाल्याची आडत 2016 साली शेतकऱ्याच्या डोक्यावरून काढून खरेदीदारावर टाकली. 2025 मध्ये सरकारनं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. कागदावर भोई शेतकऱ्याच्या पंगतीत बसला, काट्यावर मात्र अजून उभाच.

सातरस्ता सकाळ

बे दुणे, बरोबर. शिवाय 2020 पासूनच्या पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत शीतपेटी बसवलेल्या मोटारसायकलला अनुदान आहे. सर्वसाधारण गटाला 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60. एकानं गाडी घ्यायची, पाच जणांचा माल आणायचा. अवघड काय आहे?

केत्तूरचा भोई

मालक, माझ्याच पिंजऱ्यावर एवढं भांडण चाललंय म्हणून लिहितो. टाईप पोरगा करतोय.

पयलं म्हंजे शीतपेटीत खेकडा घालू नका. झाकण लावलं की गुदमारतो, बर्फानं गारठतो. सोलापूरला निस्ती टरफलं पोचतील.

माझं चाळीस पिंजरं हायत. लोखंडाचं कडं, त्येला जाळं, मधी कोंबडीची आतडी बांधायची. दीस बुडायला टाकायचं, पाटंच्या चारला उपसायचं. खेकडा रातचा हिंडतो, उजाडलं की कपारीत जातो. येक दीस पाच किलो घावतं, येक दीस दीड. वारं सुटलं तर होडी काढत न्हाई. 2024 च्या मे म्हैन्यात कुगाववरनं कळाशीला जाणारी बोट वाऱ्यानं उलाटली, सा माणसं गेली. तवापासनं बायको ढग बगूनच पिंजऱ्याला हात लावू देती.

थेट इकायचं म्हंता. येकदा आलतो सोलापूरला, आठ किलो घिऊन. रस्त्याच्या कडंला बसलो तर येकानं उठीवलं. दुसरीकडं बसलो तर तितल्या बाया म्हनल्या, ही आमची जागा हाय. त्येंचं बी खरं, रोज बसत्यात त्या. तीन वाजता उरल्यालं शंभरानं घालून गाडी धरली. घरी पोचायला रात झाली, त्या सांजचं पिंजरं टाकायचं ऱ्हायलं. म्हंजे दोन दिसाचा धंदा बुडला. गाडीवाल्याला दिलं आसतं तर एकशेचाळीस हातात आन दुपारची झोप बी.

उचलीचं म्हणाल तर घेतलीय. होडीची फळी कुजली तवा वीस हजार कुनी दिलं? ब्यांकेत गेलतो, सातबारा मागितला. जमीन गेली धरणात, सातबारा कुठला आणू?

पर काट्यावरच्या दादांना येक सांगतो. माझं भांडान भावाशी न्हाई, निवडीशी हाय. पोतं वतल्यावर तुमचा मानूस हातानंच दोन ढीग करतो. ह्यो मोठा, ह्यो बारीक. मुठीयेवढा खेकडा बी बारकात टाकतो. कवा पाच किलोतलं दोन बारकात जात्यात. एकशेचाळीसचा सत्तर हितं हुतो, सोलापुरात न्हाई. सोलापुरात परत दोनी ढीग येक हुत्यात का न्हाई, तुमीच सांगा.

काट्यावरचा

सगळे तसं करत नाहीत.

बे दुणे चार

म्हणजे काही करतात. नोंद घ्यावी.

काट्यावरचा

घ्या नोंद. भोईदादा, वीस ग्रॅमचं पिल्लू आणि शंभर ग्रॅमचा खेकडा एकाच भावानं कसा घेणार? निवड लागणारच. हातानं होते, चूक होते. चूक एकाच बाजूला का होते असं विचाराल तर गप्प बसतो.

पूर्व भागातली सून

माझं माहेर पंढरपूरचं, सासर पद्मशाली, तेलुगू बोलणारं. सासरी खेकड्याला एंड्रकाय म्हणतात. लग्नाआधी मी कधी खेकडा सोललेला नव्हता. सासूबाईंनी शिकवलं: बारीक पाय आणि कवचातलं सगळं पाट्यावर ठेचायचं, पाणी घालून गाळायचं, त्या पाण्यावर रस्सा. नांग्या अख्ख्या सोडायच्या. मिक्सरला लावलं तर कवचाची कच येते, अजून बोलणी बसतात.

आपण गिऱ्हाइकं काय कमी आहोत का? पाटीसमोर बसलं की आधी उलटा करायचा, पोटाची पट्टी बघायची. रुंद गोल असली तर मादी, निमुळती असली तर नर. मग अंगठ्यानं दाबायचं, दबला तर पोकळ म्हणून परत टाकायचा. आमच्या गल्लीत तर पौर्णिमेच्या आठवड्यात कुणी घेतच नाही, अमावास्येचा भरलेला असतो म्हणून. वीस खेकडे दाबून पाच घ्यायचे आणि वर भाव पाडून मागायचा. हॉटेलात खेकडा थाळी मागवताना कोण घासाघीस करतं?

थेट आणून दिले तर मी घेईन. पण दारात, रविवारी, दहाच्या आत. स्टेशनवर पोतं उतरवायला मी येणार नाही.

वर्गावर जीवशास्त्र

सूनबाई, अमावास्येचं सोडा. खेकडा वाढताना कात टाकतो. जुनं कवच सुटलं की नवं मऊ असतं, अंगात पाणी जास्त, मांस कमी. तोच तुमचा पोकळ. उजनीतल्या प्रत्येक खेकड्याची तारीख वेगळी, ते पंचांग बघून कात टाकत नाहीत. दाबून बघणं मात्र योग्य.

माझा मुद्दा दुसराच आहे आणि तो कुणालाच आवडणार नाही. समुद्रातली खेकडी लाखांनी अंडी घालते, पिल्लं पाण्यावर वाहत जातात. गोड्या पाण्यातल्या खेकडीचं तसं नाही. अंडी फार तर काहीशे. त्यातून थेट छोटे खेकडेच बाहेर पडतात आणि काही दिवस आईच्या पोटाच्या पट्टीखाली चिकटून राहतात. मृगाच्या सुमारास पट्टी उघडून बघा, मुगाच्या दाण्याएवढी पोरं वळवळताना दिसतात. आणि आपण "मादी भरलेली असते" म्हणून नेमकी तीच निवडतो. तलावात मत्स्यबीज सोडतात, बोटुकली सोडतात, पण खेकड्याचं बीज कुणी सोडत नाही. जे आहे ते त्या पट्टीखालीच आहे.

आपल्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. इथेही त्या दोन महिन्यांत पिल्लांची मादी पाण्यात परत सोडावी आणि "बारीक" हा ढीगच बंद व्हावा. 140 की 220 हे नंतर. खेकडाच उरला नाही तर 180 रुपये कुणाचे यावर धागा कशाला काढायचा?

केत्तूरचा भोई

ताई, पोरंवाली मादी आमी बी सोडतो, बापानं तसंच शिकिवलंय. पर समद्यांचं सांगत न्हाई. मृगात रस्त्यावर आल्यालं खेकडं ब्याटरी लावून पोत्यानं गोळा करनारं भोई नसत्यात, शेरातनं मोटारीनं येत्यात. आन बारीक जाळ्याचं वडाप, म्हंजे पाण्यातनं वडायचं जाळं, वडत्यात, त्यात अंड्यापासनं पिल्लापत्तोर समदं येतंय, त्येंना कोन बोलत न्हाई. उसात तणनाशक मारल्यावर चारीतलं खेकडं उलथं पडत्यात, त्ये बी लिवा. दोन म्हैनं बंद करा म्हंता, करू की. दोन म्हैन्याचा किराणा कुठनं भरायचा तेवढं लिवा.

वर्गावर जीवशास्त्र

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, खरं सांगते. पण बारीक न घेण्याला किराणा लागत नाही. गाडीवाल्यानं घेतला नाही तर तुम्ही धरणार नाही.

बे दुणे चार

मॅडम, जरा जपून. 2019 साली तिवरे धरण फुटून माणसं गेली तेव्हा तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं होतं. उजनीतले वाढवायला निघालात तर उद्या गुन्हा दाखल व्हायचा.

आणि एक गंभीर. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी भीमेतून उजनीत उतरतं. खेकडा तळाचा गाळ उपसून खातो. मी तरी खात नाही.

पूर्व भागातली सून

उजनीचंच पाणी चार-पाच दिवसांआड घागरी लावून भरता ना? खेकडा निदान उकळून खातो आम्ही.

सातरस्ता सकाळ

तीन आठवड्यांनी लिहितोय. बोलून झालं, म्हटलं करून बघू.

भोईदादांशी ठरवलं: एकच भाव, 220. मुठीपेक्षा लहान नको, पिल्लांची मादी नको. निवड काठावर, त्यांच्या हातानं. इकडे आमच्या अपार्टमेंटची आणि सूनबाईंच्या गल्लीची मिळून अकरा घरं. चार दिवसांचा माल त्यांनी पिंजऱ्यातच पाण्यात ठेवला, रविवारी पहाटे बारा किलो पोत्यात भरून पारेवाडीला पॅसेंजरमध्ये दिला. भाचा सोबत बसला.

गाडी कुर्डुवाडीच्या अलीकडे तासभर उभी. मे महिना, डब्यात भट्टी. सोलापुरात पोतं उघडलं तर वरचा थर ठीक, खाली मात्र एकमेकांवर दाबले गेलेले. चौदा मेले. काट्यावर भरले साडेदहा किलो. दहाच्या आत कसले, बारा वाजले. अकरापैकी तीन घरांनी ऐन वेळी नको म्हटलं, त्या दिवशी संकष्टी होती आणि ती माझ्या डोक्यातच नव्हती. उरलेले तीन किलो घेऊन कुठे जाणार? ज्यांच्याकडून 320 ने घेतले होते त्याच मावशींकडे गेलो. त्यांनी पोत्यात हात घातला, दोन उचलून बघितले आणि 180 देईन म्हणाल्या. दिले.

पैसे आम्ही बारा किलोचेच दिले, मेलेल्यांसकट. त्यामुळे आम्हाला किलो पडला साधारण 280 ला, तोही रिक्षाचे पैसे न धरता. धागा काढताना 180 रुपये हवेत जातात असं मला वाटत होतं. त्यातले बरेच त्या डब्यात, त्या पोत्याच्या तळाशी आणि संकष्टीत जातात. काट्यावरचे, एवढं तुमचं मान्य. निवडीचं नाही. बारा किलोत एकही ढीग बाजूला काढावा लागला नाही.

काट्यावरचा

बारा किलोला निवड लागत नाही, अडीचशे किलोला लागते. पण मोठा खेकडा बारकात टाकायचा नाही एवढं माझ्या माणसाला सांगितलंय. बघू.

केत्तूरचा भोई

मालक, पैशे पोचले. मेल्याल्याचं कापून घ्या म्हनलो तर ऐकलं न्हाई तुमी, आसं रोज चालायचं न्हाई. फुडल्या येळी दोन पोती करतो, सा-सा किलोची. मधी मधी वला लव्हाळा घालतो, म्हंजे येकमेकाला धरत न्हाईत आन दबत बी न्हाईत. भाचा म्हनतोय डब्याच्या दारापशी ठिवू, वारं लागतंय.

तेवढं कालनिर्णय बगून वार सांगत जावा.