सिडनी: सीप्लेनने जेवायला जायचंय. कॉटेज पॉइंट, बेरोरा वॉटर्स की पाम बीच?

खाडीकाठ:
जूनअखेर आई-बाबा पुण्याहून येतायत (६८ आणि ७३). सिडनीतल्या रोझ बेहून सीप्लेन (पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान), पाण्याकाठी निवांत जेवण आणि विमानानेच परत, असा बेत आहे. आईचे गुडघे दुखतात, बाबा शुद्ध शाकाहारी. कुठे न्यावं? टेबल किती वाजताचं घ्यावं? आणि २०१७च्या अपघाताचं वाचून धास्ती वाटतेय, ती कितपत खरी?

वारा_पश्चिमेचा:
आधी वेळ ठरवा, मग जागा. ही विमानं उजेडातच उडतात आणि जूनअखेर सिडनीत पाचच्या आत सूर्य मावळतो. परतीचं विमान चारच्या आसपास धरा. दीडचं टेबल घेतलंत तर गोड पदार्थ यायच्या आत उठावं लागेल. बारा-सव्वाबाराचं घ्या. त्याहून लवकर निघण्यात अर्थ नाही, हॉक्सबरी नदीच्या दऱ्यांत हिवाळ्यात सकाळी धुकं साचतं.

बेरोरा वॉटर्स इनला रस्ताच नाही, बोटीने किंवा विमानाने पोहोचायचं. वास्तुविशारद ग्लेन मर्कटने घडवलेली वास्तू बघण्यासारखी आहे. पण वारा सुटून परतीचं उड्डाण रद्द झालं तर आधी बोट गाठायची, मग गाडी. कॉटेज पॉइंटला रस्ता आहे, पण राष्ट्रीय उद्यानातून जाणारा आणि बस नसलेला. पाम बीचहून १९९ नंबरची बस मोना व्हेलला जाते, तिथून बी-१ नंबरची बस थेट शहरात. वयस्कर माणसं सोबत असताना मी पाम बीचच निवडेन, जेवण तिथलं थोडं साधं असलं तरी.

डावी_खिडकी:
जाताना किनारा डावीकडे राहतो: मॅनली, डी व्हाय, नॅराबीन, शेवटी बॅरनजोईचा १८८१चा दीपस्तंभ. पण जून-जुलैत हंपबॅक देवमासे उत्तरेकडे निघालेले असतात आणि ते दिसले तर उजवीकडे, समुद्राच्या बाजूला. जागेसाठी हट्ट करू नका. वजनं बघून वैमानिक बसवतो, म्हणून वजन विचारलं की कपडे-बुटांसकट खरं सांगा. पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खाली बघताना मध्ये येत नाहीत.

फोटोसाठी कॅमेऱ्याचा पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा, खिडकीच्या प्लास्टिकवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात. फोन काचेला टेकवू नका, थरथर चित्रात उतरते.

चढताना तराफ्यावरून फ्लोटवर (विमानाखालच्या तरंगत्या पायावर) पाय, मग अरुंद शिडी, आणि पायऱ्या बहुधा ओल्या. बुकिंग करतानाच गुडघ्यांचं सांगा आणि कोणतं विमान आहे ते विचारा. साडी नको, पंजाबी ड्रेस आणि पकड असलेले सपाट बूट बरे.

मॅग्नेटो:
धास्तीबद्दल. ३१ डिसेंबर २०१७ला कॉटेज पॉइंटहून जेवून परतणारं बीव्हर विमान जेरुसलेम बेत कोसळलं, वैमानिकासह सहाही जण गेले. वाहतूक सुरक्षा ब्युरोच्या २०२१च्या अहवालानुसार एक्झॉस्टच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या) भागाला तडे होते, आणि इंजिन व केबिनमधल्या फायरवॉलवरच्या झाकणांचे तीन बोल्ट नव्हते. त्या वाटेने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत आला. विमानात हा वायू आला की रंग बदलणारी टिकली होती, पण तिच्याकडे कुणी बघितलं तरच उपयोग. म्हणून कंपनीला एवढंच विचारा: आवाज करून इशारा देणारा डिटेक्टर आहे का? हा प्रश्न मुख्यतः बीव्हरसारख्या पिस्टन इंजिनाचा. कॅरव्हॅन या दुसऱ्या प्रकारच्या विमानाला टर्बाइन आहे.

लाइफ जॅकेट कमरेच्या पाऊचमध्ये असतं. आत बसून कधीही फुगवायचं नाही. पाणी शिरलं तर फुगलेला माणूस छताला चिकटतो आणि दारातून निघू शकत नाही.

पाणी आरशासारखं स्थिर दिसलं की लोक खूश होतात, वैमानिक नाही. लाटा नसल्या की पाणी नेमकं किती खाली आहे ते डोळ्याला कळत नाही. मग तो काठाजवळून, ठरावीक संथ वेगाने उतरत राहतो, फ्लोट टेकेपर्यंत. उतरायला लांबण लागली तर काही बिघडलंय असं समजू नका.

डावी_खिडकी:
शाकाहाराचं राहिलंच. या जागांचा भर मासळी आणि कालवांवर. ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगितलंत तर फिश सॉस किंवा चिकन स्टॉक चालतो असं धरतील. ‘मासे, अंडी, मांसाचा स्टॉक काहीच नको’ असं बुकिंगच्या वेळी लिहून द्या आणि आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. विमान लागत असेल तर ॲव्होमिन डॉक्टरांना विचारून, उड्डाणाच्या तासभर आधी. विमानात चढल्यावर घेऊन उपयोग नाही, वीस मिनिटांत तर उतरायचंच असतं.