मदत हवी आहे: फटी भरायच्या सिलिकॉनची उघडलेली नळी पावसाळ्यात टिकवायची कशी?

मंडळी, मी खानापूरचा. खिडक्या, बेसिन, मोरीच्या फटी घरी मीच भरतो. २८० मिलीची नळी आणायची, काम वीतभर, आणि उरलेला माल महिन्याभरात दगड! सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानंच घट्ट होतं, आणि जुलैत आमच्याकडं ओलाव्याला काय तोटा?

आधी नोझलात, म्हणजे नळीच्या पुढच्या निमुळत्या चोचीत, खिळा ठोकला. गुळगुळीत तो, कडेनं हवा गेलीच. मग जाड आट्यांचा स्क्रू पिळला, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ताणून चढवला. दोन महिन्यांनी स्क्रू फिरवून काढला तर सोबत रबरासारखी गुठळी आली, मागचा माल मऊ, ताज्या मालाचा तोच व्हिनेगरचा वास. खूश झालो की ओ! पण दुसरी नळी तशीच बंद केली, तर ती नोझलच्या बुडाशी, नोझल नळीवर आवळतात त्या आट्यांपाशी गोठली.

तिथून हवा शिरते का? नोझल काढून नळीच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा तुकडा ठेवून परत आवळला तर? मेण ओतून कुणी बघितलंय? बेळगावात सुटी टोपणं मिळत असतील तर तेही सांगा. वापरून बघितलेलंच सांगा हं, घरात आधीच वाया गेलेल्या नळ्या मोजणं चालू आहे.