काळ्या गाडीवरचे गोल ओरखडे: रोटरी मशीन घ्यावे की ड्युअल अ‍ॅक्शन?

विश्रामबाग, सांगली (प्रश्न)

नमस्कार. माझी काळ्या रंगाची सेडान सावलीत चांगली दिसते; मात्र उन्हात किंवा पेट्रोलपंपाच्या दिव्यांखाली बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे उमटतात. गाळप हंगामात कारखान्याची काजळी गाडीवर बसते आणि ती कोरड्या फडक्याने पुसली जाते, हे त्यामागचे मुख्य कारण असावे. टपावर बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही आहेत. एका गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश करून घेतले होते. काही आठवडे चमक टिकली, नंतर जुने ओरखडे पुन्हा दिसू लागले आणि त्यांत मशीनच्या फिरत्या पट्ट्यांची भर पडली. आता हे काम स्वतःच करावे असा विचार आहे. मशीन, पॅड आणि कंपाऊंड (रंग घासून ओरखडे काढणारे द्रव्य) कोणते घ्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मिरज (उत्तर)

आपण केलेल्या वर्णनावरून गॅरेजमध्ये दोन गोष्टी झाल्या असाव्यात. ओरखडे कापून काढण्याऐवजी तेलकट, भरणाऱ्या पॉलिशने बुजवले गेले आणि काही धुण्यांनंतर ते भरण निघून गेले; शिवाय रोटरीवर लोकरी पॅड फिरवल्यावर बारीक पॉलिशचा शेवटचा हात दिला गेला नाही, म्हणून त्या पट्ट्या राहिल्या, ज्यांना होलोग्राम म्हणतात. रोटरीचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरत असल्याने ते वेगाने कापते, पण एका जागी उष्णताही वाढवते. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये पॅड फिरता फिरता डोलतेही, त्यामुळे रंग जळण्याचा धोका बराच कमी होतो. घरच्या कामासाठी १५ मिलिमीटर थ्रोचे (म्हणजे पॅडच्या डोलण्याचा घेर तेवढा असलेले) ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. २१ मिलिमीटरचे मशीन सपाट बॉनेटवर सुखाने चालते, पण खांब आणि आरशांभोवती ते अवघड जाते.

कंपाऊंडची कंपनी कोणती, हा प्रश्न लोक समजतात तेवढा मोठा नाही. मेन्झर्ना, मेग्वायर्स किंवा थ्रीएम यांपैकी कोणाचेही एक कापणारे आणि एक फिनिशिंगचे द्रव्य पुरेसे आहे. त्या गाडीच्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, पॅड व द्रव्याची कोणती जोडी चालते, हे मात्र चाचणीनेच ठरते. बॉनेटवर साधारण दीड फुटाचा चौकोन चिकटपट्टीने आखून घ्यावा आणि सर्वांत सौम्य जोडीने, म्हणजे मऊ फोम पॅड व बारीक पॉलिश यांनी, सुरुवात करावी. ओरखडे गेले नाहीत तर आधी पॅड बदलून कडक फोमचे घ्यावे, त्यानेही भागले नाही तरच कंपाऊंड वाढवावे. प्रत्येक वेळी आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून तो भाग पुसावा, नाहीतर पॉलिशमधले तेल ओरखडे लपवते आणि आपली फसगत होते. नख ज्यात अडकते तो ओरखडा मशीनने पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये.

मशीन लावण्यापूर्वी धुणे, क्ले बार (चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) आणि डागांवर सौम्य आम्लयुक्त वॉटर-स्पॉट रिमूव्हर, हा क्रम चुकवू नये. क्षार पृष्ठभागावर असताना पॉलिश केले तर तेच कण पॅडखाली घासले जातात.

कुपवाड (उत्तर)

रंगकामाच्या व्यवसायात असल्याने रोटरीची बाजू मांडतो. खोल खराबी असलेल्या गाडीवर अनुभवी हातात रोटरी अर्ध्या वेळात काम करते, त्यामुळे तिला सरसकट नावे ठेवणे योग्य नाही. मात्र शिकणाऱ्याने तिच्यापासून लांब राहावे, याबाबत मी वरील सदस्यांशी सहमत आहे.

मशीनआधी आणखी एका गोष्टीवर खर्च करावा, तो म्हणजे रंगाची जाडी मोजणारे गेज. कारखान्यातून आलेल्या गाडीवर रंगाचे सर्व थर मिळून सामान्यतः १०० ते १५० मायक्रॉन असतात आणि त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनच असतो. गेज एकूण जाडी दाखवते, क्लिअर कोट वेगळा दाखवत नाही. म्हणून आपली गाडी आधीच रबिंगला गेलेली असताना एखाद्या भागावर आजूबाजूपेक्षा आकडा बराच कमी आला, तर तिथे बारीक पॉलिशवरच थांबावे. एखादा दरवाजा २०० च्या पुढे गेला, तर तो पुन्हा रंगवलेला असण्याची शक्यता धरावी. कडा आणि उठावाच्या रेषांवर रंग पातळ असतो, तिथे आधी मास्किंग टेप लावावी.

विश्रामबाग, सांगली

दोघांचेही आभार. प्लॅस्टिकच्या बंपरवर गेज चालेल का? आणि एप्रिलमध्ये हे काम करता येईल का?

मिरज (उत्तर)

साधे गेज धातूवरच चालते. प्लॅस्टिकमधून उष्णता लवकर निघत नाही, म्हणून बंपरवर वेग आणि दाब दोन्ही कमी ठेवून सौम्य जोडीच वापरावी. एप्रिलच्या उन्हात पत्रा इतका तापतो की कंपाऊंड लगेच वाळून पावडर होते. त्यामुळे छताखाली, पहाटे काम करावे आणि पत्रा हाताला थंड लागल्याशिवाय मशीन लावू नये. पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब पुरतात. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करावे आणि दोन-तीन पॅड जास्तीचे आणावेत, कारण भरलेले पॅड कापत नाही, नुसते तापते.